तळ्याच्या तळाशी लिहिलेली बखर

सुरत शहरातील गोपी तळाव मलिक गोपी या नागर ब्राह्मण धनिकाने इ. स. १५१० च्या सुमारास बांधविला. या व्यापाऱ्याचा उल्लेख पोर्तुगीज कागदपत्रांतही आढळतो. १६६६ साली सुरतेस आलेल्या तेव्हनो नामक फ्रेंच प्रवाशाने हे तळे सोळा कोनांचे असून प्रत्येक बाजू शंभर पावले लांब असल्याचे नमूद केले आहे. पुढे ते दुर्लक्षित होऊन कोरडे पडले.

बखरकार जे टिपीत नाही, ते तळ्याचा गाळ टिपतो. दर पावसाळ्यात काठची माती, परागकण व राख वाहून येतात आणि थरावर थर बसतो. रान तुटले की माती अधिक येते, शेती वाढली की धान्याचे पराग वाढतात, नगर जळले की कोळशाचे कण उतरतात. सुरतेने अशा आगी पाहिल्या आहेत. १५३० साली आंतोनियो द सिल्व्हेराने शहर जाळले. शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्यांतही त्याचे भाग जळाले.

हे केवळ अनुमान नव्हे. राजस्थानातील सांभर आदी सरोवरांच्या गाळाचा अभ्यास डॉ. गुरदीप सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत त्यांना कोळशाचे सूक्ष्म कण व धान्यासारखे पराग आढळले. त्यावरून मनुष्याने रान जाळून शेती आरंभिली असावी, असा तर्क त्यांनी मांडला. रानगवताचे परागही तसेच दिसतात, म्हणून इतर विद्वानांनी त्यावर शंका घेतली. स्वीडनमधील सरोवरांच्या गाळात मात्र ग्रीक व रोमन काळच्या शिसे गाळण्याच्या भट्ट्यांची खूण स्पष्ट सापडली. हे संशोधन १९९४ साली प्रसिद्ध झाले.

बांधीव तळ्याची गोष्ट वेगळी. त्याचा गाळ वेळोवेळी उपसला जातो आणि प्रत्येक उपशाबरोबर बखरीची पाने विस्कटतात. गोपी तळावाचा जीर्णोद्धार सुरत महानगरपालिकेने एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केला व तेथे पुन्हा पाणी आले. जीर्णोद्धार हे पुण्यकर्मच होय. गाळ न उपसता तळे जगत नाही. तथापि उपसण्यापूर्वी नळी खोल रोवून गाळाचा एक अखंड स्तंभ काढावा, त्याची वरची व खालची बाजू नोंदवावी आणि तो एखाद्या विद्यापीठाच्या स्वाधीन करावा. देवस्थानांच्या तळ्यांसही हे लागू आहे. महाजनांनी दप्तरातील कागद जपले, तसा पूर्वजांच्या हातून नकळत लिहिला गेलेला हा लेखही जपणे उचित ठरेल.