दिल्लीतील विद्यार्थी-भाडेकरू

दिल्ली विद्यापीठ 1922 साली स्थापन झाले, तेव्हा त्यात तीनच महाविद्यालये होती. पुढे विद्यापीठ वाढले, वसतिगृहे अपुरी पडली आणि विद्यार्थी भाड्याच्या खोलीकडे वळला, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. परंतु घरमालकास हाच भाडेकरू हवासा का वाटू लागला, हे पाहिल्यावाचून या व्यवहाराचा उलगडा होत नाही.

1941 च्या जनगणनेत सुमारे 9 लाख 18 हजार असलेली दिल्लीची लोकसंख्या 1951 मध्ये 17 लाख 44 हजारांवर गेली. फाळणीचे निर्वासित विद्यापीठालगतच्या किंग्जवे कॅम्प, हडसन लाइन्स, आउट्रम लाइन्स या भागांत, तसेच राजेंद्रनगरात वसले. घरांची अशी टंचाई असताना भाडेकरूस संरक्षण देणे प्राप्तच होते. 1958 च्या दिल्ली भाडेनियंत्रण कायद्याने ते दिले. ठरावीक कारणांवाचून त्यास घराबाहेर काढता येईना. एका महिन्याहून अधिक आगाऊ भाडे मागण्यास नियंत्रकाची परवानगी लागू लागली. पावती देणे बंधनकारक झाले. पाणी-वीज विनाकारण तोडण्यास मनाई झाली.

या संरक्षणाची दुसरी बाजू अशी, की एकदा आत आलेला भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या हलेल की नाही, ही धास्ती मालकास पडली. कालांतराने निर्वासितांनीच आपल्या घरांवर मजले चढविले व ते मालक झाले. त्यांना विद्यार्थी सोयीचा वाटला, कारण पदवी पदरात पडली की तो आपण होऊन जातो. करार अकरा महिन्यांचा; वर्षाहून अधिक मुदतीचा झाला तर नोंदणी करावी लागते.

आम्हां सरकारी नोकरांचाही या इतिहासाशी संबंध आहे. स्वतःचे घर असल्यामुळे सरकारी निवासस्थान सोडावे लागणाऱ्या नोकरास ते घर तत्काळ परत मिळावे, अशी तरतूद 1975 साली झाली. 1988 मध्ये निवृत्तांनाही तसा अधिकार मिळाला. त्याच वर्षी दरमहा 3500 रुपयांहून अधिक भाड्याची घरे कायद्यातून वगळण्यात आली. ती मर्यादा पुढे वाढविली गेली नाही. 1995 चा नवा कायदा संसदेने संमत केला, पण तो अमलातच आला नाही. भाडी मात्र वाढत गेली आणि मुखर्जीनगरात स्पर्धापरीक्षेसाठी राहणारा लातूर-नांदेडचा मुलगा त्या मर्यादेच्या, म्हणजेच संरक्षणाच्या, बाहेर पडला.

मालकाची धास्ती खोटी नव्हती. परंतु तिची किंमत ज्याने कधी घर अडविलेच नाही, त्याच्याकडून वसूल झाली. आमच्यापैकी कित्येकांची दिल्लीत घरे आहेत, कित्येकांची मुले परगावी भाड्याने राहतात. पावती द्यावी, आगाऊ रक्कम एका महिन्याचीच घ्यावी, पाणी-वीज तोडू नये, हे 1958 चे नियम आज या घरमालकांवर बंधनकारक नसतील. ते स्वेच्छेने पाळण्यास मात्र कोणाची आडकाठी नाही.