अमेरिकेतील ‘सँक्च्युअरी’ कायदे : राज्य काय नाकारू शकते आणि काय नाही

अमेरिकेतील काही राज्ये आणि शहरे ‘सँक्च्युअरी’, म्हणजे आश्रय देणारी, म्हणून ओळखली जातात. त्यामुळे तिथे कागदपत्रे नसलेल्या व्यक्तीला अटक होऊच शकत नाही, असा समज पसरला आहे. हा समज चुकीचा आहे आणि धोक्याचाही. हे कायदे केंद्र सरकारला अटक करण्यापासून रोखत नाहीत. त्या कामासाठी राज्याचे पोलीस, तुरुंग आणि माहिती किती वापरू द्यायची, एवढेच ते ठरवतात.

डिटेनर म्हणजे काय?

परकीय नागरिकांना पकडणे, कोठडीत ठेवणे आणि मायदेशी पाठवणे हे काम २००३ पासून ‘आइस’ ही केंद्रीय यंत्रणा करते. स्थानिक पोलिसांनी एखाद्याला कोणत्याही गुन्ह्यात अटक केली की त्याच्या बोटांचे ठसे केंद्राकडे जातात. त्यावरून आइस त्या तुरुंगाला ‘डिटेनर’ पाठवते. जामीन मिळाला किंवा शिक्षा संपली तरी या माणसाला ४८ तासांपर्यंत आणखी थांबवा, आम्ही ताब्यात घेऊ, अशी ती विनंती असते. तिच्यासोबतच्या वॉरंटवर न्यायाधीशाची नव्हे, तर आइसच्याच अधिकाऱ्याची सही असते.

२०१४ मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने डिटेनर ही विनंती आहे, आदेश नाही, असा निर्णय दिला. त्या खटल्यातील व्यक्ती तर अमेरिकेचीच नागरिक होती. त्याच वर्षी ओरेगॉनमधील क्लॅकमस काउंटीने केवळ डिटेनरवरून एका महिलेला तुरुंगात ठेवले, हे संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीचे उल्लंघन ठरले. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने, राज्याच्या कायद्यानुसार केवळ डिटेनरवरून कोणाला अडवून ठेवण्याचा अधिकार राज्याच्या अधिकाऱ्यांना नाही, असे सांगितले.

राज्यांना नकाराचा अधिकार कुठून मिळतो?

अमेरिकन संविधानाच्या दहाव्या दुरुस्तीतून. १९९७ मध्ये बंदूक खरेदीदारांची तपासणी शेरीफांवर लादणारी केंद्रीय तरतूद तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. केंद्राचा कायदा राबवण्यासाठी राज्याच्या अधिकाऱ्यांना वेठीस धरता येणार नाही, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. सँक्च्युअरी कायदे त्याच तत्त्वावर उभे आहेत.

भारतीय वाचकाला हे नवखे वाटेल. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेची आणि आपली संघराज्य रचना यांतील फरक समजावून सांगितला होता. अमेरिकेत केंद्र आणि राज्य असे दुहेरी नागरिकत्व, आपल्याकडे एकच. आपल्या संविधानाच्या कलम २५६ नुसार राज्यांनी संसदेच्या कायद्यांचे पालन होईल अशाच रीतीने कारभार करायचा असतो. त्यामुळे कॅलिफोर्नियासारखी भूमिका भारतातील राज्याला घेता येत नाही.

प्रमुख कायदे

• ओरेगॉन : १९८७ चा कायदा. राज्य पातळीवरील पहिला.
• कॅलिफोर्निया : २०१३ च्या ‘ट्रस्ट ॲक्ट’नंतर १ जानेवारी २०१८ पासून ‘व्हॅल्यूज ॲक्ट’ लागू. डिटेनरवर कोणाला धरून ठेवण्यास मनाई; मात्र ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांबाबत आइसला माहिती देता येते.
• न्यू जर्सी : मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या या राज्यात ॲटर्नी जनरलच्या २०१८ च्या निर्देशाने पोलिसांवर बंधने घातली. गंभीर गुन्ह्यांचे अपवाद इथेही आहेत.
• इलिनॉय : २०१७ चा ‘ट्रस्ट ॲक्ट’. २०२१ च्या कायद्याने काउंटी तुरुंगांचे आइसशी असलेले कोठडीचे करारही बंद केले. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो वैध ठरवला.

उलट टेक्सासने २०१७ मध्ये आणि फ्लोरिडाने २०१९ मध्ये स्थानिक यंत्रणांवर आइसला सहकार्याची सक्ती केली. १९९६ च्या केंद्रीय कायद्यातील ‘२८७ (जी)’ तरतुदीखाली स्थानिक पोलीस करार करून आइसचे काही अधिकारही वापरू शकतात.

मर्यादा कुठे येते?

राज्य स्वतःचा हात मागे घेऊ शकते, केंद्राचा हात धरू शकत नाही. खासगी कोठड्यांवर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा २०२२ मध्ये अपील न्यायालयात टिकला नाही. न्यू जर्सीच्या तशाच कायद्यालाही जुलै २०२५ मध्ये धक्का बसला. त्याच महिन्यात इलिनॉयविरुद्धचा केंद्राचा दावा मात्र जिल्हा न्यायालयाने फेटाळला. सहकार्य नाकारणे आणि अडथळा आणणे यांतला फरक या निकालांतून दिसतो.

बौद्ध समाजाशी संबंध

१९७५ नंतर कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासितांत बौद्ध मोठ्या संख्येने होते. त्यांची काही मुले ग्रीन कार्डवर वाढली, पण नागरिक झाली नाहीत. तरुणपणी गुन्हा घडला, शिक्षा भोगून झाली आणि सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दारातच आइसने ताब्यात घेतले, असे अनेकांच्या वाट्याला आले. २००२ च्या करारानंतर कंबोडियाने अशांना परत घेण्यास सुरुवात केली. काहींनी तो देश कधी पाहिलाही नव्हता. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील अपवाद नेमके यांनाच लागू पडतात. तुरुंगातून होणारे हे हस्तांतर थांबवणारे ‘व्हिजन ॲक्ट’ विधेयक २०२२ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये अडले.

कोठडीची आठवण जपानी-अमेरिकन बौद्धांनाही आहे. पर्ल हार्बरनंतर पहिल्या अटकांत बौद्ध धर्मगुरू होते. त्या काळी जपानी स्थलांतरितांना जिथे डांबले होते, त्या ओक्लाहोमातील फोर्ट सिलमध्ये २०१९ साली स्थलांतरित मुलांना ठेवण्याची योजना आली, तेव्हा बौद्ध धर्मगुरू तिथे निषेधाला उभे राहिले.

अमेरिकेतील बांधवांनी लक्षात ठेवावे

• राज्य कोणतेही असो, आइस रस्त्यावर किंवा कामाच्या ठिकाणी अटक करू शकते.
• घराचे दार उघडण्यापूर्वी वॉरंटवर न्यायाधीशाची सही आहे का, ते पाहावे.
• गप्प राहण्याचा आणि वकिलाशी बोलण्याचा हक्क आहे. मात्र या खटल्यांत सरकार फुकट वकील देत नाही.
• भारतीय नागरिकाला आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवा, असे सांगण्याचा हक्क आहे.
• नागरिक नसलेल्याने किरकोळ गुन्ह्याची कबुली देण्याआधीही इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा. राज्याचे संरक्षण कोणाला मिळणार आणि कोणाला नाही, हे बहुतेक वेळा त्या एका कबुलीवर ठरते.