गाय आणि शेजारी

जावा बेटावर कुदुस नावाचं शहर आहे. तिथल्या जुन्या मशिदीतला शिलालेख हिजरी ९५६चा, म्हणजे इ.स. १५४९चा. मात्र तिचा लाल विटांचा मिनार पाहून एखाद्याला तो देवळाचाच भाग वाटेल. हिंदू शेजाऱ्यांचं मन दुखू नये म्हणून गाय कापू नका, असं सुनान कुदुस यांनी अनुयायांना सांगितल्याची आख्यायिका आहे. ती खरी की खोटी यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथल्या प्रसिद्ध ‘सोतो’ रश्श्यात आजही म्हशीचं मांस असतं.

कुदुसच्या मदरशांतली मुलं ‘गुसजिगांग’ हा शब्द शिकतात. ‘बागुस’ म्हणजे चांगलं वागणं, ‘न्गाजी’ म्हणजे धर्माचा अभ्यास आणि ‘दागांग’ म्हणजे व्यापार. या तीन शब्दांच्या शेपट्या जोडून तो झाला. यात वागणं पहिलं आणि व्यापार शेवटी, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो.

कारण १९१८ साली तो उलटा झाला. लवंग घातलेल्या ‘क्रेतेक’ सिगारेटच्या धंद्यात मुस्लिम आणि चिनी व्यापाऱ्यांची चुरस वाढली होती. त्या वर्षी चिनी वस्तीवर हल्ला झाला, घरं जळली, माणसं मेली. गाईचा मान राखणाऱ्या गावाला शेजाऱ्याचा मान राखता आला नाही.

परंपरा रक्तातून उतरत नाही. ती दर पिढीला नव्यानं शिकवावी लागते. म्हणून मिनाराची गोष्ट सांगताना १९१८चीही सांगावी, असं मला वाटतं.