सहा महिन्यांचा ग्रह

25 जुलै 1991च्या ‘नेचर’मध्ये मॅथ्यू बेल्स, अँड्र्यू लाइन आणि सेतनाम शेमार यांचा निबंध छापून आला. पीएसआर 1829-10 या पल्सारभोवती एक ग्रह फिरतो, हे त्याच्या मथळ्यातच म्हटले होते. 16 जानेवारी 1992च्या अंकात लाइन आणि बेल्स यांचा दुसरा निबंध आहे. तो ग्रह नाही, असे त्याचा मथळा सांगतो. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले की चूक कुठे शिरली आणि पुढच्या टप्प्यावर कशी टिकली, याचा माग लागतो.

निरीक्षणे इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकच्या 76 मीटर व्यासाच्या लॉवेल दुर्बिणीची होती. हा पल्सार दर 0.33 सेकंदाला एक स्पंद पाठवतो. ते स्पंद अपेक्षित वेळेच्या सुमारे 8 मिलिसेकंद मागेपुढे होत होते आणि हे चक्र सहा महिन्यांत पूर्ण होत होते. त्यावरून पृथ्वीच्या दहापट वस्तुमानाचा ग्रह अनुमानला गेला. सहा महिने म्हणजे आपल्याच वर्षाचे अर्धे. पुढे जे उघड झाले त्याची खूण पहिल्याच निबंधात छापलेली होती.

पृथ्वी सतत फिरत असल्याने दुर्बिणीपाशी नोंदलेली वेळ जशीच्या तशी वापरता येत नाही. तोच स्पंद सूर्यमालेच्या वस्तुमानमध्यापाशी कधी पोचला असता, हे आधी काढावे लागते. त्यासाठी पल्सारची आकाशातली जागा लागते आणि गणिताला दिलेली जागाच चुकीची होती. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत प्रकाशाला 499 सेकंद लागतात. त्या हिशेबाने जागेत एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक असली तर वेळांमध्ये वर्षभराच्या चक्राची सुमारे 0.15 सेकंदाची लाट उठते. एवढी मोठी लाट लपत नाही. ती पाहून जागा दुरुस्तही केली गेली, पण त्या दुरुस्तीच्या गणितात पृथ्वीची कक्षा वर्तुळ मानली होती. प्रत्यक्षात ती किंचित लंबवर्तुळाकार आहे. तिची उत्केंद्रता 0.0167. म्हणून वर्षाची लाट पुसली गेली, तरी अर्ध्या वर्षाची बारीक लाट मागे उरली. ती दर कलेमागे जास्तीत जास्त 1.2 मिलिसेकंद भरते. म्हणजे 8 मिलिसेकंदांसाठी सहा-सात कलांची चूक पुरते, पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या पाव रुंदीहूनही कमी.

दोन्हींपैकी एकच गोष्ट घडली असती, तर हा ग्रह दिसलाच नसता. जागा अचूक असती तर वर्तुळाची सूट निरुपद्रवी ठरली असती. कक्षेचे गणित पूर्ण केले असते तर चुकलेली जागाही दुरुस्तीत निभावली असती. योग्य जागा घेऊन सगळे गणित मुळापासून केले, तेव्हा सहा महिन्यांचे चक्र नाहीसे झाले. दुर्बिणीने टिपलेले स्पंद पहिल्यापासून बरोबरच होते.

जानेवारी 1992मध्ये अटलांटात अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या अधिवेशनात लाइन यांनी हे सगळे उभे राहून सांगितले. श्रोत्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. माझ्या मते दुसरा निबंध पहिल्याहून मोलाचा आहे, कारण चुकीची वाट तो इतरांना तपासता येईल अशी मांडतो.

त्या अधिवेशनात लाइन यांच्यानंतर अलेक्झांडर वोल्श्चान बोलले. अरेसिबोच्या दुर्बिणीवर पीएसआर 1257+12 भोवती त्यांना दोन ग्रह सापडले होते, 66.6 आणि 98.2 दिवसांचे, आणि ते ग्रह पुढे टिकले. त्या पल्सारची जागा त्यांचे सहलेखक डेल फ्रेल यांनी न्यू मेक्सिकोतल्या व्हेरी लार्ज अ‍ॅरेवर वेगळी मोजून घेतली होती.