गांडुळाच्या ज्ञानाचा इतिहास

वसंताच्या या दिवसांत हिंगोलीच्या शिवारातली काळी माती उन्हाने भेगाळून पडलेली असते. आज कुदळ घेऊन अशा रानात गांडूळ शोधू म्हटले, तर ते सहसा हाती लागावयाचे नाही. ओल शोधीत ते खोल उतरते आणि अंगाचे वेटोळे करून स्वस्थ पडून राहते. मृगाच्या सरी कोसळल्या की तेच वर येते, आणि बांधावर, अंगणात, मातीच्या बारीक लेंड्यांचे ढीग दिसू लागतात. हे आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिलेले आहे. तरीही, कणा नसलेल्या माणसाला ‘गांडूळ’ म्हणून हिणवण्यापलीकडे या प्राण्याचा विचार आपण क्वचितच करतो. त्याची योग्यता माणसाला किती उशिरा आणि कसकशी कळली, हे आम्हांस आज सांगावयाचे आहे. कारण त्यात आपल्या शेताचा प्रश्न गुंतलेला आहे.

गांडुळाच्या गोतातला पहिला मान मिळाला तो जळवेला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेरावा अध्याय खास जळवांसाठी आहे. तीत जळवांचे बारा प्रकार सांगितले असून सहा विषारी व सहा निर्विष मानले आहेत. रक्त पिऊन सुटलेल्या जळवेच्या तोंडाला तेल-मीठ चोळून तिला ओकवावे, हेही तेथे सांगितले आहे. उपयोग दिसला, म्हणून निरीक्षण झाले. गांडुळाचे नशीब निराळे. ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांत त्याला ‘पृथ्वीची आतडी’ असे नाव आहे. नाव अगदी मार्मिक. पण त्याच ॲरिस्टॉटलची समजूत अशी होती की, या आतड्यांपासून वाम मासे उत्पन्न होतात!

गांडूळ, जळू आणि कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत सापडणारे केसाळ समुद्रकृमी ही एकाच कुळातली मंडळी आहेत. तिघांचेही शरीर एकापुढे एक कड्या जोडाव्यात तसे खंडांचे बनलेले असते. हे साम्य ओळखून फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कने १८०२ साली या वर्गाला कडीवरून नाव दिले; मराठीत आपण त्यांस वलयांकित प्राणी म्हणतो.

पुढे गांडुळाच्या कामाकडे लक्ष गेले. इंग्लंडमधील गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाने १७७७ साली एका पत्रात लिहिले की, गांडुळे नाहीशी झाली तर जमीन थंड, कठीण व निःसत्त्व होईल. परंतु हे सिद्ध करावयास चार्ल्स डार्विनची चिकाटी लागली. त्याने १८३७ साली या विषयावर पहिला निबंध वाचला. १८४२ साली त्याने आपल्या घराजवळच्या कुरणात खडूचे तुकडे पसरविले आणि तब्बल २९ वर्षे वाट पाहून १८७१ साली तेथे चर खणला. तुकड्यांची पांढरी रेघ सात इंच खाली गेलेली आढळली. खडू बुडाला नव्हता. गांडुळांनी खालची माती वर आणून त्यावर घातली होती. १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने लिहिले की, इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरी दहा टनांहून अधिक माती दर वर्षी गांडुळांच्या पोटातून जाते. या ग्रंथात कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातून मिळालेल्या, मनोऱ्यासारख्या उंच विष्ठेचेही वर्णन आहे. पण आपल्या गांडुळाचे शरीर आतून कसे आहे, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर लखनौचे प्राध्यापक कर्म नारायण बहल यांनी दिले. १९२६ साली ‘फेरेटिमा’ या गांडुळावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि पुढे भारतातील महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी त्यावरून चिरफाड शिकली. या वीतभर जिवाला शंभर ते एकशेवीस खंड असतात. डोळे नाहीत, फुप्फुस नाही. श्वास घ्यावयाचा तो ओल्या कातडीतून. म्हणूनच उन्हात पडले की ते मरते. आठव्या खंडात मातीचे कण दळणारी पेषणी म्हणजे त्याचे जातेच. हृदयांच्या चार जोड्या असून रक्त आपल्यासारखेच तांबडे असते. चौदा ते सोळा या खंडांवर जाड पट्टा असतो. त्यातून अंड्यांचे कोष तयार होतात. नर व मादी एकाच देही.

बहल यांचा सर्वांत मोठा शोध उत्सर्गाविषयी आहे. युरोपातील नेहमीच्या गांडुळाच्या मूत्रनलिका अंगाबाहेर उघडतात. फेरेटिमाच्या पुष्कळशा नलिका मात्र आतड्यातच उघडतात, हे त्यांनी १९१९ साली दाखविले. तेथे पाणी पुन्हा शोषले जाते आणि वाया जात नाही. कोरड्या दिवसांत पाण्याचा थेंब न् थेंब जपण्याची ही सोय आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. पावसावर जगणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला ही काटकसर समजावून सांगावी लागू नये.

येथे आपला प्रश्न उभा राहतो. आज खेडोपाडी गांडूळखताचे वाफे झाले आहेत, आणि खत उत्तम असते याबद्दल दुमत नाही. पण त्या वाफ्यांतली गांडुळे बहुधा युरोपातून वा आफ्रिकेतून आलेल्या जातींची असतात. त्यांचे घर कुजणाऱ्या काडीकचऱ्यात; शेताच्या खोल मातीत ती टिकून राहत नाहीत. भारतात गांडुळांच्या चारशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि जमिनीत बिळे करून पाण्याला वाट देणारी गांडुळे त्यांतलीच आहेत. ती पिशवीत विकत मिळत नाहीत. आपण विकतची गांडुळे घरी आणावी, आणि धसकटे पेटवून, जहाल कीटकनाशके ओतून रानातली मारावी, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

वसमतच्या हळदीच्या रानात पाला पुष्कळ निघतो. तो न जाळता जमिनीवरच पसरावा. ओल टिकेल, अन्न मिळेल, आणि खाली दडलेला हा जीव आपण होऊन वर येईल. यंदा मृग बरसल्यावर आपल्या शेतात वा परसात हातभर जागा खणून, गांडुळे किती निघतात ती प्रत्येकाने मोजावी. जेथे एकही निघणार नाही, तेथे दोष पावसाला देण्यापूर्वी आपण त्या जमिनीला गेल्या दहा वर्षांत काय काय घातले, याचा हिशेब मांडावा.