कार्ब्युरेटरचा इतिहास कुठे शोधाल?

संशोधनाचा विषय शोधताय? बीडमधल्या एखाद्या जुन्या गॅरेजात जाऊन बसा. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्यात बनायची, समुद्रसपाटीजवळ. बीडची उंची साधारण ५०० मीटर. इथे हवा थोडी विरळ, त्यामुळे तोच कार्ब्युरेटर हवेच्या मानाने किंचित जास्त पेट्रोल देतो. मिश्रण फारच ‘रिच’ झालं, की प्लग काळा पडतो. पुस्तकी प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. पूर्ण ताकद हवी तर हवा १३ भागांच्या आसपास. मेकॅनिक मात्र स्क्रू फिरवत, इंजिनाचा आवाज ऐकत आणि प्लगचा रंग बघत हे जमवायचा.

२००० साली देशभर कडक उत्सर्जन नियम आले आणि नव्या मोटारींत इंजेक्शन रुळलं. स्क्रूचं काम सेन्सरकडे गेलं. नियमांच्या तारखा तुम्हाला राजपत्रात मिळतील. पण जुन्या गाड्या त्या दिवशी थांबल्या नाहीत, आणि दुचाक्यांत तर कार्ब्युरेटर २०२० पर्यंत टिकला. कायद्याची तारीख म्हणजे बदलाची तारीख नव्हे. तेव्हा मेकॅनिककाकांना विचारा, ‘मोटारीचा शेवटचा कार्ब्युरेटर कधी खोललात?’ हे उत्तर कुठल्याच दप्तरात नाही, आणि ते देणारी पिढी आता थकत चालली आहे.