निळ्या पडद्यामागील इतिहास

२० एप्रिल १९९८ या दिवशीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं भरलेल्या 'कॉम्डेक्स' प्रदर्शनांत मायक्रोसॉफ्ट कंपनीचे बिल गेट्स व्यासपीठावर उभे होते. लवकरच बाजारांत येणाऱ्या 'विंडोज ९८' या प्रणालीचे गुण सभेला दाखविण्याचें काम त्यांचे सहकारी ख्रिस कापोसेला यांच्याकडे होतें. नवें उपकरण नुसतें जोडलें कीं संगणक तें आपण होऊन ओळखतो, हा त्यांतील एक मुख्य गुण. कापोसेला यांनीं कागदावरील चित्र टिपून घेणारा स्कॅनर संगणकाला जोडला मात्र, आणि सभेपुढील भल्यामोठ्या पडद्यावरचें सर्व कांहीं नाहींसें होऊन तो निळाभोर झाला. सभागृहांत हंशा पिकला. म्हणूनच ही प्रणाली अजून विक्रीस काढलेली नाहीं, अशा अर्थाचा विनोद करून गेट्स यांनीं वेळ निभावून नेली.

हंशा ओसरला, पण प्रश्न मागें राहिला. तोच प्रश्न त्या काळीं संगणक बाळगणाऱ्या घराघरांत विचारला जात होता. नवें उपकरण आणावें, हौसेनें जोडावें, आणि अर्धवट लिहिलेलें पत्र किंवा महिन्याचा हिशेब यांसकट सगळें यंत्रच बंद पडावें! मालक प्रणालीला दोष देई, प्रणालीवाले उपकरणाच्या कारखानदाराला देत, आणि कारखानदार मालकाच्या अडाणीपणाकडे बोट दाखवी. खरा अपराधी कोण, हें ठरविण्याचें शास्त्र तयार होण्यास बरीच वर्षें लागलीं.

संगणकाची मूळ प्रणाली आणि त्याला जोडलेलें उपकरण यांची भाषा एक नसते. 'हा स्वर वाजीव' एवढेंच प्रणाली सांगते. तो वाजविण्यासाठीं ध्वनियंत्राच्या कोणत्या कप्प्यांत कोणता आकडा केव्हां ठेवावयाचा, हें ज्या त्या यंत्राच्या कारखानदारासच ठाऊक असतें. हें ज्ञान ज्या लहानशा आज्ञावलींत सांठविलेलें असतें, तिला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर म्हणजे एक प्रकारचा दुभाषीच होय.

या दुभाष्याला बसवावयाचें कोठें, यांतच सर्व इतिहासाचें मर्म आहे. जुन्या वाड्यांत परका माणूस ओसरीपर्यंत येई; माजघरांत प्रवेश घरच्यांनाच असे. संगणकांतहि अशी मर्यादा आंखलेली असते. १९८५ सालीं आलेल्या इंटेल कंपनीच्या ८०३८६ या प्रक्रियकांत अधिकाराच्या चार पायऱ्या होत्या. विंडोज एनटी आणि लिनक्स या प्रणालींनीं त्यांपैकीं दोनच वापरल्या. पत्रें लिहिण्याच्या, हिशेबाच्या आज्ञावल्या ओसरीवर, आणि प्रणालीचा गाभा माजघरांत. ओसरीवरची आज्ञावली चुकली तर तेवढीच बंद पडते. माजघरांतील आज्ञावलीला मात्र सर्व स्मृतिकोश खुला असतो. तिनें भलत्या कप्प्याला हात लावला तर कोणाचें काय बिघडेल, याचा नेम नाहीं.

बहुतेक ड्रायव्हरांना जागा मिळाली ती माजघरांत. याचें कारण वेगाचा लोभ. ओसरीवरून माजघरांत निरोप पोंचविण्यास दर खेपेस वेळ लागतो, तो वांचला. १९९३ सालच्या पहिल्या विंडोज एनटीनें चित्रें काढण्याचें बरेंचसें काम गाभ्याबाहेर ठेविलें होतें. १९९६ सालच्या चौथ्या आवृत्तींत तेंहि वेगासाठींच आंत आणलें गेलें. गाभा लिहिणारे थोडे आणि निष्णात. ड्रायव्हर लिहिणारे जगभरच्या कारखान्यांतील असंख्य. तरी अधिकार दोघांनाहि सारखाच.

निळा पडदा हा मूळ रोग नव्हे, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. गाभ्यांत कोणी मर्यादा सोडली असें दिसतांच प्रणाली जाणूनबुजून सर्व काम थांबविते; कारण बिघडलेल्या स्मृतीवर विसंबून पुढें चालल्यास चकतीवरील कागदपत्रेंहि भ्रष्ट व्हावयाचीं. थांबण्यापूर्वीं ती पडद्यावर दोषाचा अंक दाखविते आणि स्मृतीची नक्कल चकतीवर उतरून ठेविते. पंचनाम्याचा कागद तोच.

पण पंचनाम्यांत ज्याचें नांव येतें तोच चोर असतो असें नाहीं. एका ड्रायव्हरनें दुसऱ्याच्या कप्प्यांत भलताच आकडा लिहून ठेवावा, आणि तासाभरानें तो आकडा खरा मानून चालणारा निरपराध ड्रायव्हर कोसळावा, असें वारंवार घडे. यावर २००० सालच्या विंडोजबरोबर 'ड्रायव्हर व्हेरिफायर' नांवाचें साधन आलें. संशयित ड्रायव्हरला दिलेल्या जागेच्या कडेला तें एक निषिद्ध पट्टी आंखून ठेवी; हद्द ओलांडतांच तो तेथल्या तेथें सांपडे. सामान्य मालकाच्या हातींहि कांहीं उपाय आले. विंडोज ९५ पासून असलेल्या 'सेफ मोड'मध्यें अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन यंत्र सुरू होई. तेथें तें नीट चालल्यास संशय बाहेरून आलेल्या आज्ञावलीकडे वळे. २००१ सालच्या विंडोज एक्सपीनें नवा ड्रायव्हर काढून जुना परत बसविण्याची सोय दिली. शेवटीं काय नवें बसविलें, तें आधीं काढून पाहावें, हा शहाणपणाचा पहिला नियम आजहि तसाच आहे.

याच सुमारास अनुमानाची जागा मोजदादीनें घेतली. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील अँडी चाऊ, डॉसन एंग्लर आणि त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं लिनक्सचा गाभा तपासला. त्यांतील ड्रायव्हरांत चुकांचें प्रमाण उरलेल्या गाभ्याच्या तिप्पट ते सातपट भरलें. २००३ सालीं वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मायकेल स्विफ्ट, ब्रायन बर्शाड आणि हेन्री लेव्ही यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, विंडोज एक्सपी कोसळण्याच्या तत्कालीन नोंदींपैकीं शेंकडा ८५ ड्रायव्हरांमुळें झाल्याचें नमूद आहे. घरोघरींच्या वादाचा निकाल असा लागला. प्रणालीच्या नांवानें फोडलेलें खापर पुष्कळ अंशीं दुभाष्याचें होतें. परंतु त्याला माजघरांत बसविणारी प्रणालीच, म्हणून तिलाहि अंग झाडून मोकळें होतां येत नव्हतें.

उपाय तीन दिशांनीं शोधले गेले. पहिला, परीक्षेचा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेंत थॉमस बॉल आणि श्रीराम राजमणी यांनीं 'स्लॅम' नांवाची पद्धति सिद्ध केली. लावलेलें कुलूप उघडल्याशिवाय पुन्हां लावूं नये, अशांसारखे नियम ड्रायव्हर पाळतो कीं नाहीं, हें तो न चालवितां, गणिती तर्कानें ती तपाशी. दुसरा, मोहोरेचा. २००७ सालीं सर्वांच्या हातीं आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीनें, कर्त्याची खात्रीलायक सही नसलेल्या ड्रायव्हरला गाभ्याचें दार बंद केलें. तिसरा उपाय मुळाशीं जाणारा, म्हणजे परक्याला पुन्हां ओसरीवर बसविण्याचा. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम हे या मताचे जुने पुरस्कर्ते. लहान गाभा बरा कीं मोठा, यावर १९९२ सालीं त्यांचा आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा वाद गाजला होता. २००५ सालच्या त्यांच्या 'मिनिक्स ३' मध्यें ड्रायव्हर गाभ्याबाहेर राहत, आणि त्यांतला एखादा मेला तर 'पुनर्जन्म' देणारी आज्ञावली त्याला पुन्हां उभा करी. व्हिस्टानेंहि चित्रांच्या ड्रायव्हरचा मोठा भाग बाहेर काढला.

मोहोरेची मर्यादा जगाला कळली ती १९ जुलै २०२४ रोजीं. क्राउडस्ट्राइक या कंपनीची संरक्षक आज्ञावली लक्षावधि संगणकांत ड्रायव्हरच्याच अधिकारानें गाभ्यांत बसलेली होती. तिच्यावर रीतसर मोहोर होती. पण तिला वेळोवेळीं पाठविल्या जाणाऱ्या माहितीच्या धारिकांवर तशी नव्हती. भारतीय घड्याळाप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं अशी एक धारिका निघाली. तिच्यामुळें वाचावयाच्या बाबी झाल्या एकवीस, आणि हातीं दिलेल्या होत्या वीस. एकविसावी बाब शोधीत ड्रायव्हर स्मृतीच्या हद्दीबाहेर गेला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानें ८५ लाख संगणक कोसळले. विमानें खोळंबलीं, इस्पितळांतील कामें अडलीं. भारतांतील विमानतळांवर उतारूंना हातानें लिहिलेले प्रवेशपत्रक देण्याची पाळी आली. चुकीची धारिका ७८ मिनिटांत मागें घेतली गेली, परंतु पडलेलीं यंत्रें त्यानें उठेनात. प्रत्येकापाशीं बसून, सेफ मोडमध्यें जाऊन, ती एक धारिका हातानें पुसावी लागे. तीस वर्षांच्या प्रगतीनंतरहि शेवटीं उपयोगी पडला तो विंडोज ९५ च्या काळचा उपाय.

त्यानंतर २०२५ च्या जूनमध्यें मायक्रोसॉफ्टनें दोन गोष्टी जाहीर केल्या: संरक्षक आज्ञावल्यांना गाभ्याबाहेर राहूनच काम करतां येईल अशी व्यवस्था, आणि निळ्या पडद्याऐवजीं काळा पडदा. रंग बदलल्यानें फारसें कांहीं साधत नाहीं; साधेल तें पहिल्या गोष्टीनें. परका कितीहि सज्जन असला, त्याच्या हातीं राजमुद्रेचें पत्र असलें, तरी त्याची एक चूक घर बुडवूं शकेल अशा जागीं त्याला बसवूं नये. वेगासाठीं सोडलेला हा साधा गृहनियम शास्त्रज्ञांनीं फार महाग किंमत देऊन पुन्हां शिकून घेतला आहे.